वाळवंटातील सुट्टीची शाळा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात उभयतांच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी स्थायिक झालेल्या माणसांस संमेलनात बोलावयास सांगितले म्हणजे बहुधा तेथील पगार, तेथील घरे आणि तेथे राहून कुळाचार कसे सांभाळता येतात, ह्या तीन विषयांपैकी एकावर त्यांनी बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही पंचवीस वर्षे मेलबर्न येथे आहोत. दोघांनीही तेथल्या शाळांतून गणित व विज्ञान शिकविले आणि आता निवृत्त झालो आहोत. तेव्हा तिन्ही विषयांवर घटकाभर बोलता आले असते. परंतु चिटणीसांचे पत्र आले त्यात निराळाच प्रश्न होता. ज्ञातीतील काही तरुण मंडळींच्या कानी आमच्या एका उद्योगाची वार्ता गेली होती. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या दूरच्या वस्तीत शाळेच्या सुट्टीत मुलांसाठी जो कार्यक्रम चालतो, त्यात स्वयंसेवक म्हणून आम्हांसही पंधरा दिवस येता येईल काय, असे त्यांनी विचारले होते. ह्यास एका ओळीत उत्तर देणे शक्य होते. ते आम्ही दिले नाही. कारण त्या उत्तरापर्यंत पोहोचण्यास आम्हांला दोन वर्षे आणि एक मोठी चूक एवढी किंमत पडली. ती चूक सांगावी म्हणूनच आज उभे आहोत. व्यासपीठावर एकच जण उभा असला तरी 'आम्ही' म्हणू ते दोघांचे मिळून समजावे. मतभेद असेल तेथे पहिल्या रांगेतून खूण होईल असे ठरले आहे.

ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव ऑस्ट्रेलियाच्या नकाशात जवळजवळ मध्यावर आहे. तेथून वायव्येस टनामीचे वाळवंट पसरले आहे. ते ज्यांचे आहे त्या लोकांस इंग्रजीत वार्लपिरी म्हणतात. युएंडुमू, लजामानू, विलोवरा आणि न्यिर्पी ह्या त्यांच्या चार मोठ्या वस्त्या. मोठ्या म्हणजे आपल्याकडील लहानशा खेड्याएवढ्या. ह्यांपैकी एकीत आम्ही गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. तेथील कोणाचे नावही आमच्या तोंडून येणार नाही. त्याचे कारण पुढे आपोआप कळेल.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. येथे तसे नाही. माती गेरूसारखी तांबडी आहे, तिच्यावर काटेरी गवताचे झुबके आहेत, मधूनमधून मुल्गाची खुरटी झाडे आहेत, आणि आकाश इतके मोठे की पहिल्या दिवशी मान अवघडली. जून-जुलैत तेथे हिवाळा असतो. रात्री पाणी गोठण्याच्या बेतास येते, दुपारी मात्र सदऱ्याच्या बाह्या वर कराव्या लागतात.

भाषेची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण आमचा तेथला प्रवेश तिच्यामुळे झाला. ही भाषा इंग्रजी लिपीत लिहिताना आर आणि एल ही अक्षरे जोडून लिहितात, आणि गोरे शिक्षक त्या जोडीपाशी हटकून अडखळतात. पहिल्याच संध्याकाळी आमच्या ध्यानात आले की ही जोडी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला 'ळ' आहे! वार्लपिरी नव्हे, वळपिरी. अग्नी म्हणजे वळु, मोठा तांबडा कांगारू म्हणजे मळु, जमिनीतून खणून काढायचा कंद म्हणजे यळा. आर आणि एन मिळून आपला 'ण' होतो. आणि 'ङ', ज्याला आपण वर्णमालेत एकदा पाहतो आणि मग शब्दाच्या आरंभी जन्मात भेटत नाही, तो तेथे पाण्याच्याच शब्दाच्या आरंभी उभा आहे: ङापा. आम्ही हे शब्द म्हणून दाखविले तेव्हा शेकोटीभोवतीची मुले हसून लोळू लागली आणि आणखी आणखी शब्द आमच्यापुढे टाकू लागली. चाळीस वर्षांच्या अध्यापनात आमचा असा तोंडी परीक्षेचा प्रसंग प्रथमच आला.

मुले मग अधिक जवळ आली आणि आमच्या हातावरून बोट फिरवून पाहू लागली. वळपिरीत आपल्या माणसास 'यापा' म्हणतात आणि गोऱ्यास 'कर्डिया'. आम्ही ह्या दोहोंत कोण, असा प्रश्न होता. आम्ही 'इंडिया' म्हटले. एका मुलाने विचारले, "उंटवाले?" प्रश्न अगदी निराधार नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशावर, बलुचिस्तान, पंजाब ह्या बाजूंकडून उंट आणि उंटवाले ऑस्ट्रेलियात नेण्यात आले. त्या देशाच्या मध्यभागात तारायंत्र आणि रेल्वे जाऊ लागली ती त्यांच्याच उंटांच्या पाठीवरून. त्या सर्वांना सरसकट अफगाण म्हणत. ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणाऱ्या गाडीचे 'घॅन' हे नाव त्यावरूनच आले असे सांगतात. उंटवाले नव्हे, असे आम्ही सांगितले. मुलाची निराशा झाली.

आता कार्यक्रमाविषयी. तो कोणा बाहेरच्या दयाळू माणसाच्या डोक्यातून निघाला, असा आमचा समज होता. तसे नाही. युएंडुमू येथे १९९० नंतर पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने पोरे हातची जाऊ लागली, तेव्हा १९९४ मध्ये वळपिरी वडीलधाऱ्यांनीच उठून ती पोरे सुमारे १६० किलोमीटर दूर माउंट थिओ नावाच्या एकाकी ठिकाणी नेली आणि आपल्या देखरेखीखाली बरी करून परत आणली. परत आलेल्या पोरांस वस्तीत करावयास काही नसेल तर तीच गत पुन्हा होणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून संध्याकाळचे खेळ, सुट्टीतील सहली, संगीत असे उद्योग सुरू झाले. न हुंगता येण्याजोगे पेट्रोल त्या भागात २००५ नंतर मिळू लागले. पण वडीलधारी माणसे त्याच्या आधी अकरा वर्षे कामास लागली होती. इतर वस्त्यांतही असे कार्यक्रम चालतात, आणि दिवस लांब व सुट्टी मोठी असल्यामुळे बाहेरची चार माणसे मदतीस लागतात. त्या चारांत २०१७ च्या जुलैत आम्ही दोघे होतो.

जाण्यापूर्वी आम्ही वेळापत्रक तयार केले. नऊ ते दहा गणिताचे खेळ, दहा ते अकरा विज्ञानाचे प्रयोग, नंतर गोष्ट, दुपारी क्रिकेट. प्रत्येक मुलाच्या नावापुढे रकाने असलेला हजेरीचा तक्ताही होता. हा तक्ता आपण कृपा करून ध्यानात ठेवावा. पहिल्या सकाळी आम्ही नऊ वाजता सभागृहाचे दार उघडून बसलो. दहा झाले, अकरा झाले. एक कुत्रा आला आणि गेला. वस्तीतीलच एक तरुण मुलगी त्या कार्यक्रमाची पगारी कार्यकर्ती होती. ती साडेअकराला आली आणि आम्हांस पाहून हसली. मुले रात्री अकरापर्यंत दिव्याखाली बास्केटबॉल खेळतात, मग शेकोट्यांभोवती निजतात आणि ऊन तापल्यावर उठतात. थंडीतील सकाळी नऊ ही वेळ तेथे कोणाचीच नाही. आमचे वेळापत्रक दुसऱ्या दिवशी चहाचे आधण चढविताना कामी आले. क्रिकेटचेही तेच. इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ १८६८ साली गेला आणि तो मूळ रहिवाशांचाच होता, हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले. मुलांनी ऐकून घेतले आणि चेंडू मागितला, तो फुटबॉलचा. बॅट शेवटी निखारे सारण्यास उपयोगी पडली.

तिसऱ्या दिवशी आमचा ताबा एका वृद्ध बाईंनी घेतला. ताबा हाच शब्द योग्य आहे. वय सत्तरीच्या आसपास, केस पांढरे, बोलणे थोडे. त्या पूर्वी शाळेत वळपिरी शिकवीत असत. नॉर्दर्न टेरिटरीत १९७३-७४ पासून मुलांस आधी त्यांच्या भाषेतून आणि मग इंग्रजीतून शिकविण्याची पद्धत काही शाळांत सुरू झाली होती, त्या पहिल्या पिढीतील त्या. पुढे २००८ च्या ऑक्टोबरात तेथील सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच झाले पाहिजेत असे फर्मान काढले. ह्याविषयी आम्ही त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, सकाळी मुलाचे डोके ताजे असते, आणि ताजे डोके इंग्रजीला दिले. एवढेच. आपल्याकडील इंग्रजी माध्यमाच्या वादात आम्ही तासन् तास भाषणे ऐकली आहेत. इतके थोडक्यात कोणी सांगितलेले स्मरत नाही.

त्यांनी आम्हांला प्रथम नावे दिली. वळपिरी समाजात प्रत्येक माणूस आठ गटांपैकी एका गटात जन्मतो. इंग्रजीत त्याला 'स्किन' म्हणजे कातडी म्हणतात, पण रंगाशी त्याचा काही संबंध नाही. पुरुषांची नावे 'ज' ने आणि स्त्रियांची 'न' ने सुरू होतात. कोणत्या गटाने कोणत्या गटात लग्न करावे हे ठरलेले आहे, आणि आईबापांच्या गटांवरून मुलाचा गट ठरतो. आमच्यापैकी एकास त्यांनी जंगाला केले, दुसरीस नुंगार्रायी. कारण जंगालाची बायको नुंगार्रायीच असावयास हवी. मग आमचा मुलगा जंपिजिन्पा झाला, आणि नातू पुन्हा जंगाला. आजोबांचे नाव नातवास! आपल्याकडे गोत्र बापाकडून मुलाकडे सरळ उतरते. येथे ते एक पिढी सोडून परत येते. बाई स्वतः नुंगार्रायी होत्या आणि त्यांचे यजमान जंगाला. म्हणजे आमच्यातली एक त्यांची बहीण झाली आणि दुसरा त्यांच्या यजमानांचा भाऊ. हे सर्व पाच मिनिटांत झाले. पाहुण्यास बसावयास पाट द्यावा तसा हा एक शिष्टाचार असेल, असे आम्ही समजलो.

त्याच वेळी आम्ही एक प्रश्न विचारला. आठ गट आहेत, तर त्यांत वरचा कोणता आणि खालचा कोणता? बाईंना प्रश्न कळला नाही. आम्ही इंग्रजी बदलून पाहिले. कार्यकर्त्या मुलीने वळपिरीत सांगून पाहिले. अखेर बाईंनी विचारले, "वर म्हणजे कोठे?" हा प्रसंग ह्या सभेत सांगावा की न सांगावा ह्याविषयी आम्हां दोघांत मतभेद होता. पहिल्या रांगेतून 'सांगा' अशी खूण आली आहे.

त्यानंतरचे आठ दिवस शाळा रानात भरली. लांबलचक टोयोटा गाडीत, जिला तेथे ट्रूपी म्हणतात, वीस जण कोंबून बाई आम्हांस नेत. मधाच्या मुंग्या शोधायच्या. मुल्गाच्या झाडाखाली जमिनीवर एक बारीकसे भोक दिसते, म्हणजे त्यांना दिसते. आम्हांस बोट लावून दाखविले तरी दिसत नसे. मग लोखंडी पहारीने खणायचे, कमरेइतके, कधी अधिक. खाली लहान दालनांतून मुंग्या टांगलेल्या असतात आणि त्यांची पोटे द्राक्षासारखी मधाने फुगलेली असतात. मुंगी हलकेच धरून तेवढा थेंब चोखायचा. आम्ही जन्माचे शाकाहारी. मुलांचे वीस चेहरे आमच्याकडे लागले होते. त्या प्रसंगी आम्ही काय केले ते ज्ञातीच्या स्मरणिकेत छापले जाणार असल्यामुळे सांगत नाही.

खणून झाले की बाई वाळू हाताने सारखी करीत आणि बोटांनी रेघा ओढीत गोष्ट सांगत. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. दोन नाल समोरासमोर, मध्ये रेघ: दोघी बहिणी शेकोटीपाशी. एक प्रवेश संपला की वाळू पुन्हा सारखी. आपली रांगोळी दुसऱ्या दिवसापर्यंत तरी टिकते. ही पुढच्या वाक्यापर्यंतच. सात-आठ वर्षांच्या मुली हीच लिपी इतक्या भराभर काढीत की आमचे गणिताचे पत्ते पिशवीतून बाहेर काढण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

एका कोरड्या ओढ्यापाशी बाईंनी गाडी थांबविली. त्यांची आई लहानपणी तेथे लपली होती. ती १९२८ सालची हकीकत. एका गोऱ्या माणसाचा खून झाला, त्याचा सूड म्हणून पोलीस शिपाई आणि त्याचे सोबती घोड्यांवरून कित्येक आठवडे ह्या मुलखात फिरले आणि दिसतील त्या वळपिरी, अन्मत्येरे व कायतेत्ये लोकांस गोळ्या घालीत गेले. कॉनिस्टनची कत्तल म्हणून ती प्रसिद्ध आहे. सरकारी चौकशीने मेलेल्यांचा आकडा ३१ धरला आणि सर्व कृत्ये समर्थनीय ठरविली. तेथील लोक ह्याहून पुष्कळ अधिक सांगतात. नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीसप्रमुखांनी ह्याबद्दल क्षमा मागितली ती २०१८ साली, नव्वद वर्षांनी. बाईंनी ओढा दाखविला, मुलांनी पाहिला आणि गाडी पुढे गेली. ओढ्यापाशी कोणी भाषण केले नाही.

पंधरवड्याच्या शेवटी एक दिवस सर्व काही एकाएकी थांबले. शेजारच्या वस्तीतील कोणी वृद्धा वारली होती. सभागृहास कुलूप लागले, दुकान काही वेळ बंद राहिले, गाड्या भरभरून माणसे तिकडे गेली. तेथे ह्याला 'सॉरी' म्हणतात. आपण सुतक म्हणू. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावयाचे नाही, इतके आम्हांस कळले. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आज्या आम्ही घरीच पाहिल्या होत्या, त्यामुळे ह्यात नवल वाटले नाही. तीन दिवस आम्ही रिकामे बसलो, आणि परतीचा दिवस आला. निघताना एका मुलीने विचारले, "परत केव्हा?" आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी." बाईंचे यजमान, म्हणजे आमचे नवे बंधू, गाडीपाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी ते शब्द पुन्हा म्हणून घेतले.

२०१८ च्या जुलैत आम्ही गेलो नाही. जूनअखेरीस पुण्यास घरचे एक लग्न होते; ह्या सभेतील कित्येक जण त्यास आले होते. त्यापुढे चार आठवडे भारतातच गेले. त्या वर्षी ऑगस्टात आमच्या दूरध्वनीवर कार्यकर्त्या मुलीचा संदेश आला. त्यात एवढेच होते की कुमंजायी गेला, सॉरी. आम्ही विचार केला, हा कुमंजायी कोण? आम्हांस ह्या नावाचा एकही मनुष्य आठवेना. वस्तीतील कोणी असेल, मुलीने सर्वांस कळविले असेल. 'मृतात्म्यास शांती लाभो' असे सभ्य उत्तर पाठवून आम्ही तो विषय विसरलो.

२०१९ च्या जुलैत गेलो. ह्या वेळी वेळापत्रक नेले नव्हते. आपण सुधारलो आहोत असा आमचा समज होता. परंतु हजेरीचा जुना तक्ता पिशवीत होता. मुलांची नावे आम्हांस अजून येतात हे दाखवावे, त्यांना बरे वाटेल, म्हणून पहिल्याच दुपारी, सभागृहात पुष्कळ मुले आणि काही बायका जमल्या असता, आम्ही तो काढून मोठ्याने वाचू लागलो. चार नावे झाली, मुले ओरडून ओ देत होती. पाचवे नाव एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे होते. साधेसे इंग्रजी नाव. ते उच्चारले आणि सभागृह थंड झाले. बायकांनी माना खाली घातल्या. एक उठून बाहेर गेली, तिच्यामागून दुसरी. तो मुलगा समोरच बसला होता. त्याने ओ दिली नाही. आम्ही, काय सांगावे, पुन्हा एकदा ते नाव घेतले, अधिक मोठ्याने. तेव्हा ती कार्यकर्ती मुलगी जवळ आली, तक्ता आमच्या हातून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तो आता कुमंजायी आहे."

माणूस गेला म्हणजे त्याचे नाव बुडते. त्याच नावाचे दुसरे जे कोणी जिवंत असतील त्यांचेही ते नाव मिटते आणि त्यांस कुमंजायी म्हणू लागतात. गेलेल्यासही तसेच म्हणतात. म्हणजे, ज्याचे नाव घ्यावयाचे नाही तो. बाईंच्या यजमानांचे इंग्रजी नाव आणि त्या मुलाचे नाव एकच होते. वर्षापूर्वीचा संदेश आम्हांस तेथे, मुलांच्या देखत, उभ्या उभ्या कळला. जंगाला गेले होते. गाडीपाशी उभे राहून आमचे शब्द ज्यांनी पुन्हा म्हणून घेतले ते गेले होते, त्यांचा भाऊ पुण्यास मांडवात होता, आणि आता परत येऊन त्याने भर सभेत त्यांचे नाव दोनदा पुकारले होते.

बाई जिलिमीत होत्या. विधवा व एकट्या बायकांचा हा निराळा मुक्काम असतो. वळपिरी रीतीप्रमाणे विधवा दीर्घकाळ बोलत नाही, कधी वर्ष, कधी त्याहून अधिक. सर्व व्यवहार हातांच्या खुणांनी चालतो, आणि ती खुणांची भाषा इतकी पूर्ण आहे की अभ्यासकांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. पुरुषांनी तेथे जावयाचे नसते, म्हणून आमच्यापैकी बहीणच आत गेली. भाऊ दूर रस्त्यावर उभा राहिला. बाईंचे हात हलले. ते कसे हलले हे आम्हांस करून दाखविता येणार नाही. शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी होती, दोन वर्षांपूर्वी 'परत केव्हा' विचारणारी तीच. तिने भाषांतर केले: "म्हणते, भाऊ उशिरा आला." थोड्या वेळाने हात पुन्हा हलले. "म्हणते, बस." संध्याकाळपर्यंत बहीण तेथे बसली. दिवे लागणीच्या सुमारास तिसरे वाक्य आले: "लाकडे संपली."

तेव्हापासून त्या पंधरवड्यात आम्ही लाकडे आणण्याचे काम केले. ट्रूपी घेऊन जावयाचे, मुल्गाची वाळलेली लाकडे भरावयाची, जिलिमीपाशी आणि सभागृहापाशी टाकावयाची. मुले गाडीत चढत, कारण गाडी कोठेही निघाली की मुले चढतात. रस्त्यात ती आम्हांस शब्द शिकवीत. कुमंजायी म्हणविणारा तो मुलगाही येई. नाव घेतल्याबद्दल त्याने आम्हांस काही म्हटले नाही. एकदाच, लाकूड उचलताना, तो म्हणाला की आपले खरे नाव आपल्यालाही घेता येत नाही, पण ते परत येईल, म्हातारे म्हणतात काही वर्षांनी येते.

आता तरुण मंडळींच्या प्रश्नाकडे वळतो. कागदपत्रांची अडचण मोठी नाही. १९७६ च्या भूमिहक्क कायद्याने ती जमीन त्यांची आहे आणि आत जाण्यास परवाना लागतो. मुलांत काम करणारास ओकर कार्ड म्हणून दाखला काढावा लागतो. हे सर्व मिळविता येते. पण मुंबईहून पंधरा दिवसांसाठी येण्यास आम्ही 'येऊ नका' असेच सांगतो. एका माणसाच्या विमानभाड्यात वस्तीतल्याच एखाद्या मुलामुलीचा कित्येक दिवसांचा पगार निघेल. आणि ती मुलगी कोणाचे नाव घ्यावयाचे नाही हे जाणते. ऑस्ट्रेलियातच राहणारे आपले जे आहेत त्यांनी आधी विचारावे, आपण हवे आहोत काय. होय म्हटले तर तीन जुलै देण्याची तयारी ठेवून जावे. एक जुलै देणार असाल तर मधल्या वर्षी निरोप आला असता तो कोणाविषयी आहे हे कळण्याइतके तरी थांबून या.

आणि आपण देणारे, ते घेणारे, असे कोणी समजत असेल तर आणखी एक माहिती. टनामीत सोन्याची खाण आहे आणि जमिनीच्या मालकांस त्यातून स्वामित्वधन मिळते. वळपिरी शिक्षिकांच्या आग्रहावरून २००५ मध्ये त्यातील काही भाग वेगळा काढून चारही वस्त्यांसाठी शिक्षणनिधी उभारला गेला. मुलांस रानात नेऊन शिकविणाऱ्या वडीलधाऱ्यांस मानधनही त्यातून मिळते. वाटून घेतले असते तर घराघरांत गाड्या आल्या असत्या. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीसाठी आपले आजोबा घरोघर फिरले, त्यांस हे सांगितले असते तर लगेच समजले असते.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे साथीमुळे गेली. त्या काळात दूरच्या वस्त्यांत रोग शिरू नये म्हणून बाहेरच्यांस काही महिने कायद्यानेच मज्जाव होता. २०२२ मध्ये आम्ही गेलो तेव्हा बाई बोलू लागल्या होत्या. पहिले वाक्य लाकडांविषयी होते. दुसरे नातवाविषयी: जंगालास का आणले नाही? म्हणून २०२३ मध्ये नातू आला, दहा वर्षांचा, मेलबर्नचा, पाय बुटांतून न काढणारा. बाईंनी त्याला दुरूनच "जंगाला!" अशी हाक मारली आणि पोरांनी त्याला ओढत नेले. तिसऱ्या दिवशी त्याचे बूट कोठे गेले ते आम्हांस आजतागायत कळले नाही. तो मोठा मुलगा, ज्याचे नाव आम्ही पुकारले होते, आता उंच झाला आहे, ट्रूपी चालवावयास शिकत आहे आणि लाकडे कोठे वाळली आहेत ते आम्हांस सांगतो. त्याचे नाव परत आले आहे काय, हे आम्ही विचारलेले नाही. कोणी त्याला त्या नावाने हाक मारली तर ऐकू येईल.

येत्या जुलैत काय आणावे, असे आम्ही निघण्यापूर्वी बाईंस विचारले. पुस्तके, वह्या, रंग असे काही सांगतील अशी आमची अपेक्षा. त्यांनी दोन पहारी आणि एक मोठी किटली सांगितली. पहारी घेतल्या आहेत. किटली मनासारखी अजून मिळालेली नाही. येथून परतल्यावर पाहू.